पिवळा ठिपका

मिस्त्रीची एक खोड होती. बोल्ट मनासारखा आवळला की त्यावर तो पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुन्हा बघायला नको. पहिला ठिपका त्याने चौदाव्या वर्षी ताईच्या सायकलवर दिला. आता पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, पण ठिपका काही सुटला नाही.

महिन्यापूर्वी जुन्या गाड्यांच्या दलालाने एक अकरा वर्षांची राखाडी सेडान त्याच्याकडे आणली. बाहेरून टकाटक, आतून बोंब. गिअर बदलताना हिसका, वळताना स्टिअरिंगखाली खडखड. या वयाच्या गाड्यांची ही दुखणी नेहमीचीच, त्यांचं कुणाला नवल नाही. खरी गोम इंजिनाच्या गॅस्केटमध्ये होती. तिथून पाणी झिरपायचं, वीसेक किलोमीटरवर इंजिन तापायचं आणि लाल दिवा लागायचा. त्या गाडीत तापमानाचा काटा नव्हता, काय तो दिवाच.

"तो दिवा घालवा," दलाल म्हणाला. "गिऱ्हाईक दिव्यालाच घाबरतं."

मिस्त्रीने रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पावडर ओतली, दिव्याची वायर कापली. मग बॅटरीचे दोन बोल्ट तेवढे नीट आवळले आणि सवयीने त्यांवर ठिपके दिले. कोण घेईल त्याचं तो बघेल, आपल्या बापाचं काय जातंय, असं तो मनाशी म्हणाला. तेव्हाच कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती, पण अशा वेळी कुणी जवळ नसतं.

आज सकाळी अकराच्या सुमारास ताईचा फोन आला.

"बंड्या, दवाखान्याच्या रस्त्यावर गाडी बंद पडलीय रे. नुसती वाफ येतेय. लवकर ये."

"कुठली गाडी?"

"घेतली मी परवा. तुला दारात आणून दाखवणार होते."

भावोजींची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा त्यांना तीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागे. बसच्या गर्दीत उभं राहवत नाही म्हणून मागच्या आठवड्यात त्यांच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. आणखी चुकवलीत तर मला विचारू नका, असं डॉक्टरांनी ताईला तोंडावर सांगितलं होतं. म्हणून तिने होतं नव्हतं ते घालून गाडी घेतली होती.

मिस्त्री स्कूटरवरून गेला. लांबूनच राखाडी रंग दिसला आणि त्याने स्कूटरचा वेग कमी केला. भावोजी मागच्या सीटवर आडवे होते, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"किती गाड्यांना हात केला, एकही थांबली नाही," ताई म्हणाली. "दहाची वेळ गेली. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, मशीन दुसऱ्याला दिलं, आता संध्याकाळी बघू. तू कर ना काहीतरी."

त्याने ऑइलची कांडी ओढून पाहिली. पाणी मिसळून ऑइल दुधाळ चहासारखं झालं होतं. इंजिन संपलं होतं, आणि हे त्याला कांडी न ओढताही माहीत होतं.

"घेण्याआधी मला विचारायचं तरी होतंस, ताई."

"विचारणारच होते. पण बॉनेट उघडलं तर तुझे ठिपके! मग कशाला विचारू? माझ्या सायकलची चेन कधी पडली का रे?" ती घाम पुसत म्हणाली. "आणि दिवा तरी लागायला हवा होता मेला. लागला असता तर मी आधीच थांबले असते."

त्याला गप्प बसता आलं असतं. जन्मभर गप्प बसता आलं असतं, इतका तिचा त्याच्यावर विश्वास होता.

"दिवा मी काढला, ताई. दलालासाठी. गाडी तू घेशील हे मला माहीत नव्हतं."

ताईने मागचं दार उघडलं, भावोजींच्या पायांत चपला अडकवल्या आणि त्यांना काखेत धरून उभं केलं. मिस्त्री हात द्यायला पुढे झाला. तिने भावोजींना दुसऱ्या बाजूला घेतलं.

"मिस्त्री," ती म्हणाली, "इथे बस कुठे थांबते?"

त्याने बोट दाखवलं. थांबा चांगलाच लांब होता.