ॲश्लीचा गेम आणि वेनची वायर

मरोळ गावठाणात, चर्चच्या मागच्या गल्लीत रोझारिओंचं घर आहे. घरातला मोठा मुलगा वेन लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकर लावायचं काम करतो, म्हणून सगळी गल्ली त्याला साउंडवाला म्हणूनच ओळखते. त्याची धाकटी बहीण ॲश्ली अंधेरीतल्या एका जाहिरातीच्या ऑफिसात चित्रं काढते. ती लहान असतानाच मोठ्या तापात तिचं ऐकू येणं गेलं. तेव्हापासून ही भावंडं हातांनी बोलतात आणि भांडतातही हातांनीच. जेवताना भांडण झालं, की टेबलावरचा एखादा ग्लास तरी आडवा होतोच.

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटपून सगळे घरी आले. आई, म्हणजे ल्युसी, फुगे, म्हणजे मैद्याचे गोल फुगणारे पाव, तळायला लागली. वेन सोफ्यावर जरा आडवा होतो न होतो तोच ॲश्लीने त्याच्या डोक्याखालची उशी ओढली.

"ऊठ. नवा गेम उघडत नाहीये," ती हातांनी म्हणाली. "नितेश आणि अक्षता थांबलेत. थोड्या वेळात आमची मॅच आहे."

नितेश बोरीवलीचा, अक्षता मुलुंडची. दोघं शाळेपासूनचे तिचे मित्र, दोघांनाही ऐकू येत नाही. तिघांची एक टीम होती आणि ॲश्ली तिची कॅप्टन.

वेन तिच्या टेबलापाशी गेला. ॲश्लीने गेम सुरू केला. स्क्रीन काळी झाली, मधोमध एक चौकट आली: ऑडिओ सुरू करता आला नाही. आणि गेम आपोआप बंद झाला.

वेनला हसू आवरेना. "तुला आवाज हवाय काय? सांग त्याला, नको म्हणून."

"मला नकोच आहे. त्याला हवाय. मिळाल्याशिवाय तो मला आत सोडत नाही."

तिचा चेहरा बघून वेनचं हसू विरलं. आवाजाचंच काम आहे, म्हणजे आपलंच काम, असं म्हणत तो खुर्चीत बसला. आधी त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे ज्याच्या जोरावर कॉम्प्युटर आवाज काढतो तो प्रोग्राम, काढून नवा टाकला. मग सेटिंगमध्ये शिरून जे दिसेल ते बदलत सुटला. हॉलमध्ये ऐन वेळी साउंड गेला की तो असंच करायचा. सगळ्या वायरी हलवायच्या, कशाने तरी सुरू होतंच. इथे चौकट होती तशीच येत राहिली. शेवटी गेमच काढून पुन्हा टाकू म्हणून त्याने माउस सरकवला, तेव्हा ॲश्लीने त्याच्या हातावर चापट मारली.

"पुन्हा डाउनलोड व्हायला संध्याकाळ होईल. सरक."

तिने वेनने बदललेलं सगळं आधी जसं होतं तसं करून ठेवलं. मग हात मांडीवर ठेवून नुसती बसली. वेनला कळेना, वेळ चाललाय आणि ही बसलीय काय. थोड्या वेळाने तिने एक जुना गेम उघडला. गेल्या आठवड्यापर्यंत ती तोच खेळायची. तोही तीच तक्रार करून बंद झाला.

"बघ," ती म्हणाली. "हा आधी चालायचा. म्हणजे गेम बिघडलेला नाही. इथे काहीतरी बदललंय."

इतक्यात स्वयंपाकघरातून ल्युसीचा आवाज आला. "वेन, तिने गेम खेळायचं सोडलं काय रे? या आठवड्यात घर कसं शांत शांत आहे."

"नाही गं ममा, बिघडलाय," वेन ओरडला.

ॲश्लीने त्याचे ओठ हललेले पाहिले. "काय म्हणाली ममा?"

"काही नाही. घर शांत आहे म्हणाली."

"शांत? म्हणजे आधी नव्हतं?"

वेन घुटमळला. "तू खेळायचीस तेव्हा फटफट यायची ना. गोळ्यांची."

"कुठून?"

"या टेबलावरून."

ॲश्ली त्याच्याकडे बघतच राहिली. "इतकी वर्षं? आणि मला कोणी बोललं नाही?"

"हळू यायची गं. मग सवय झाली. तू खोलीत आहेस एवढं कळायचं ममाला."

ती झटकन उठली आणि कपाटामागून जुना मॉनिटर ओढून काढला. मागच्या रविवारीच तिने तो बदलून नवा, मोठा लावला होता. तिने जुना उलटा केला. खालच्या कडेला बारीक भोकांची रांग होती. तिने तिच्यावरून बोट फिरवलं.

"ही कशाला? मला वाटायचं, हवा जायला."

वेनने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "स्पीकर आहेत यात!"

"आणि नव्यात?"

त्याने नव्या मॉनिटरला चहूबाजूंनी चाचपलं. "नाहीत."

"मग झालं तर. कॉम्प्युटरला आवाज सोडायला जागाच उरली नाही. बाकी सगळं ठीक आहे."

"थांब, माझ्या कामाच्या टेम्पोतून मोठा स्पीकर आणतो," वेन दाराकडे वळलासुद्धा.

ॲश्लीने त्याचा शर्ट धरला. "आवाज कोणाला हवाय? काहीतरी जोडलंय, एवढं त्याला वाटलं की पुरे."

तिने वेनची बॅग उघडली, वायरींच्या गुंत्यातून एक वायर उपसली आणि तिची पिन कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात खुपसली. वायरीचं दुसरं टोक टेबलाखाली नुसतं लोंबत होतं. स्क्रीनवर प्रश्न आला, काय जोडलंत? तिने हेडफोनवर टिचकी मारली. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावरची लाल फुली गेली. तिने गेम सुरू केला. स्क्रीन काळी झाली, वेनने श्वास रोखला, आणि समोर हिरवंगार बेट उघडलं.

"आयला!" वेन मोठ्याने म्हणाला. इतकी वर्षं साउंडच्या धंद्यात काढून आपल्याला हे सुचलं नसतं, हे त्याला साफ कळलं. त्यातून उगाच काही न हलवता, नुसती बसून विचार करून काढलं पोरीने.

व्हिडिओ कॉलवर नितेश तोंड पाडून बसला होता. त्याच्याही कॉम्प्युटरला स्पीकर नव्हता, म्हणून त्याचाही नवा गेम उघडत नव्हता, तीच चौकट येत होती. ॲश्लीने भराभर हात चालवले. नितेश उठून गेला आणि वडिलांचा इअरफोन घेऊन आला. तो जोडल्यावर त्याने नाचत दोन्ही अंगठे दाखवले.

मॅच सुरू झाली. वेन खुर्चीमागे उभा राहिला. शत्रूची पावलं त्यांना ऐकू येणार नव्हती, म्हणून तिघांनी बेट तीन बाजूंनी वाटून घेतलं होतं आणि प्रत्येकजण आपल्या बाजूचं गवत हललेलं टिपत होता. ॲश्लीचा एक हात माउसवर, दुसरा कॅमेऱ्यासमोर. ती एका हाताने अर्ध्याच खुणा करायची, उरलेलं अक्षता समजून घ्यायची. समोरच्या टीमला मात्र ऐकू येत होतं. पहिली फेरी हिची टीम हरली. दुसरी जिंकली. तिसरीत नितेश लवकर बाद झाला, तेव्हा ॲश्लीने अक्षताला झुडपात बसवलं, स्वतः मोकळ्यावर धावत गेली आणि शत्रूच्या दोघांना आपल्यामागे ओढून थेट अक्षतासमोर आणलं.

वेनला मरोळ नाक्याच्या हॉलवर निघायला उशीर होत होता. फोन खिशात दोनदा थरथरला. त्याने उचलला नाही.

ल्युसी फुग्यांची बशी घेऊन आत आली. "चालू झालं वाटतं. तू केलंस?"

"नाही. तिने."

"मग तू इतका वेळ काय करत होतास?"

"बघत होतो," वेन म्हणाला. "तू पण बघ. इथे उभी राहा, इथून नीट दिसतं."