निळ्या क्लबातला चहाचा बंब

मित्रांनो, मी चहाचा बंब आहे. तांब्याचा, पितळी तोटीचा आणि वयाने या गावातल्या बहुतेक माणसांहून मोठा. मला जुना म्हटलेले चालते, शोभेची वस्तू म्हटलेले मुळीच चालत नाही. माझा स्वभाव मत्सरी आहे, हेही आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते. तेव्हा माझी हकीकत थोडी तिखट लागली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. तेथे मला ठोकले, झाळले आणि आरशासारखे घासले. माझ्या जोडीचे भाऊ रेल्वे स्टेशनांवर आणि इस्पितळांत गेले. मला एल्डरविक गावातल्या क्लबच्या महिला समितीने विकत घेतले. हा क्लब निळ्या फितीच्या पक्षाचा. जुने जपावे, घाईने काही मोडू नये, राजाचा मान राखावा, असे मानणाऱ्या लोकांचा. मला हे लोक पहिल्या दिवसापासून आवडले. जुने जपणाऱ्यांच्या घरात पडलो, आता जन्माची काळजी मिटली, असे मला वाटले.

मी खूप काम केले. निवडणूक आली की पत्रके वाटून गारठलेली माणसे कोटावरची निळी फीत सावरत माझ्यापुढे रांग लावत. मतदान केंद्राबाहेर दिवसभर खुर्ची टाकून बसलेल्या बायका परत आल्या की बूट काढायच्या आधी माझी तोटी सोडत. आम्ही जिंकायचो. नेहमी जिंकायचो. पण हार पडायचे ते सभागृहातल्या भाषणाच्या मेजाला! म्हणजे मेजामागे उभ्या असलेल्या माणसाला, पण मेज समजायचे आपल्यालाच. ओकच्या लाकडाचे ते ठोंब्या मेज. त्याने कधी कुणाचा घसा ओला केला नाही, तरी टाळ्या त्यालाच. मी स्वयंपाकघरात वाफ सोडत जळफळत असे.

माझ्या वाट्याला एकच मान होता, तो सांगतो. सभागृह आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चहा द्यायची एक खिडकी होती आणि तिच्या फळीवर माझी जागा होती. सभा चालू असताना बायका आत कप विसळत असत. त्यांना बाहेर येऊन बसायला सवड नसे. म्हणून मतदानाची वेळ आली की अध्यक्ष ऑब्री पेनरोज आधी खिडकीकडे वळून म्हणत, "आधी खिडकी!" मग माझ्या दोन्ही बाजूंनी साबणाचा फेस लागलेले हात वर येत. ते मोजून झाल्यावर सभागृहातले हात मोजायचे. ही रीत नियमांत कुठेही लिहिलेली नव्हती. तशी गरजच काय? आपला देश न लिहिलेल्या रिवाजांवर चालतो, ही तर या लोकांची मोठी प्रौढी होती.

या हातांतला पहिला हात एनिड टॅपस्कॉट बाईंचा असायचा. नवरा गेल्यापासून त्या घरात एकट्या होत्या. दर बुधवारी त्या येत, मला चिंचोक्याएवढाही डाग राहू नये असे घासत आणि मैत्रिणींना चहा पाजत. त्यांनी दुसरी कुठली किटली हातात धरली तरी मला खपत नसे.

मग आम्ही हरलो. साधेसुधे नाही, सपाटून. एल्डरविकची संसदेतली जागा माझ्या आठवणीत कधी गेली नव्हती, ती त्या वर्षी गेली. कर्नलसारखे ताठ चालणारे ऑब्री पेनरोज एका रात्रीत वाकल्यासारखे झाले आणि त्यांनी अध्यक्षपद सोडले. त्यांच्या जागी गाय हेसलडेन नावाचा तरुण आला. लंडनमध्ये नोकरी, गावात शनिवार-रविवारचे घर, आणि बोलणे असे गोड की बायका त्याला दोनदा बिस्किटे देत. गायने क्लबाला एक भेट दिली. कॉफीचे मशीन.

मित्रांनो, त्या दिवसाचे वर्णन करताना अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ते काळे, चकचकीत, दिवे लावलेले इटालियन मशीन माझ्या फळीवर बसले. माझ्या फळीवर! त्याचे तोंड सभागृहाकडे केले, वाफ स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून त्याच्यामागे चहाच्या खिडकीचे शटर खाली ओढले आणि मला आत भांडी निथळायच्या ओट्यावर ढकलले. मशीनपुढे लोक फोन काढून त्याचे फोटो घेत. माझा फोटो कुणी कधी घेतला होता? ते बटण दाबताच घरघर करी, कुरकुर करी, आणि वाटीभर फेस देई. एवढा आवाज करून एवढेसे पेय!

"तरुण लोक यावेत म्हणून आणलंय," गाय म्हणाला.

"तरुण म्हणजे कोण? तूच की," एनिडबाईंची मैत्रीण मेव्हिस म्हणाली. "दुसरा दाखव, मी त्याला केक करून घालते."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मोठी सभा ठरली. आधी एका प्राध्यापकांचे व्याख्यान, विषय होता पाश्चात्त्य संस्कृतीचा ऱ्हास. मग चहापान. आणि मग एक ठराव: क्लबाची इमारत विकावी, येणाऱ्या पैशांतून पुढची निवडणूक फोनवरून आणि इंटरनेटवरून लढवावी. ठराव गाय हेसलडेनचा होता.

एनिडबाईंनी आठवडाभर घरोघर जाऊन माणसे आपल्या बाजूला वळवली होती. त्या सकाळी मला घासताना त्या मेव्हिसला म्हणाल्या, "हे गेलं तर बुधवारी मी जाऊ कुठे गं? घरात घड्याळ ऐकत बसू?"

"जात नाही काही. आपण आतल्या बायका धरल्या की ठराव पडतो. मी मोजलंय."

"थोडक्यात पडतो."

"थोडक्यात पडला तरी पडलाच ना?"

व्याख्यानाला सभागृह भरले. शटरपलीकडून मला सगळे ऐकू येत होते. प्राध्यापकांचा आवाज खणखणीत होता. पश्चिमेला स्वतःचाच कंटाळा आलाय, असे ते म्हणाले. कुटुंबे एकत्र जेवत नाहीत. चर्च विकून तिथे फ्लॅट बांधतात. आजोबांनी उभारलेले नातवांना ओझे वाटते. टाळ्यांचा कडकडाट झाला. अर्थात मेजासाठी. संस्कृतीवर माणूस तासभर बोलला, पण चहाचे नाव काढले नाही. मी मनातल्या मनात कढत राहिलो.

मग चर्चा पेटली. "दोष शाळांचा आहे! मुलांना साधी प्रार्थना पाठ नाही," असे ऑब्री गरजले. कुणी टीव्हीला धरले, कुणी अमेरिकेला.

"यांना स्वतःचा कप विसळता येत नाही, तो दोष कुणाचा?" मेव्हिस आत पुटपुटली आणि बायका तोंडाला फडके लावून हसल्या.

चहापानाची घंटा झाली. सगळी गर्दी मशीनकडे धावली. पाश्चात्त्य संस्कृतीसाठी आत्ताच हळहळलेली माणसे कागदी पेले घेऊन उभी होती. मला कुणी ढुंकून विचारीना. आणि तेवढ्यात, मित्रांनो, मशीन अडखळले! त्याचा लाल दिवा लागला. गायने बटणे दाबली, झाकण उघडले, थापटून पाहिले. मशीन ढिम्म.

"आत चहा आहे हो!" एनिडबाईंनी दारातून हाक मारली.

मग जो लोंढा आत आला! प्राध्यापकांनी माझ्यातला चहा दोन कप घेतला आणि म्हणाले, "याला म्हणतात संस्कृती." ऑब्रींनी माझ्या अंगावर थोपटले. मी धन्य झालो. मशीन पलीकडे आंधळ्यासारखे बसले होते आणि मी उकळ्या फोडत होतो. आयुष्यात इतका सुखी मी कधी झालो नव्हतो. माझ्या चहासाठी दोनदा पाणी भरावे लागले. कप संपले, बशा संपल्या, मोरी उष्ट्या भांड्यांनी भरून गेली.

लोक सभागृहात परतले. बायका माझ्याभोवती राहिल्या, बाह्या वर करून.

"ठराव सुरू होईल आता, जायचं का बाहेर?" मेव्हिसने विचारले.

"कशाला? खिडकी आहे की," एनिडबाई म्हणाल्या. "शटर वर करून हाक मारतील."

बायका कप विसळत हाकेची वाट पाहू लागल्या. तिकडे मशीनला एकाएकी जाग आली आणि ते स्वतःला धुऊ लागले, घर्र घर्र करत. इकडे मीही खळखळत होतो. दोघांच्या आवाजात शटरपलीकडचे काही ऐकू येईना. "आधी खिडकी" ही हाक मात्र आलीच नाही, हे मी शपथेवर सांगतो. ती मला झोपेतही ऐकू आली असती.

बराच वेळ गेल्यावर एनिडबाई ट्रे घेऊन दार ढकलून बाहेर गेल्या. दार उघडेच राहिले, म्हणून मला दिसले. सभागृहात वर गेलेले हात खाली येत होते.

"मतदान झालं?" बाईंनी विचारले.

"आत्ताच, मिसेस टॅपस्कॉट. ठराव संमत. सहा मतांनी," गाय हसून म्हणाला.

"पण खिडकी?"

"कुठली खिडकी?"

त्याने खरोखर न कळून विचारले. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. आत आम्ही अकरा हात होतो. एनिडबाईंनी ऑब्रींकडे पाहिले. ते अर्धवट उठले, घसा साफ केला, आणि पुन्हा खाली बसले. अध्यक्षांनी निकाल दिल्यावर त्यांना अडवायचे नाही, हा इथला सगळ्यात जुना रिवाज. साठ माणसांना खिडकी ठाऊक होती. त्या साठातल्या एकानेही रिवाज मोडला नाही. मेव्हिस माझ्या शेजारी हातातले ओले फडके पिळत राहिली.

मला वाटले, आता एनिडबाई ओरडतील. ओरडा ना बाई, मी म्हणत होतो, एकदा तरी ओरडा. त्यांनी मान सरळ केली आणि नेहमीच्या आवाजात विचारले, "अजून चहा कुणाला?"

आणि मित्रांनो, सगळ्यांनी हात वर केले.

इमारत विकली गेली. तिथे आता कॉफीचे दुकान आहे. काळी मशीने तीन आहेत, दिवसभर घरघरतात आणि लोक त्यांच्यापुढे रांगा लावतात. मला काचेजवळ ठेवले आहे. माझ्या पोटात माती भरून फर्नचे झाड लावले आहे. लोक माझे फोटो घेतात. पूर्वी ज्या गोष्टीसाठी जीव तुटत होता ती मिळाली, पण तीन मशीनांपैकी एकाचीही वाफ दिसली की मी आतून जळतो. मातीत जळता येत नाही असे समजू नका.

एनिडबाई एकदाच आल्या. काही घेतले नाही. त्यांनी माझी तोटी फिरवली. चिमूटभर माती त्यांच्या हातरुमालावर पडली. त्यांनी रुमालाची घडी घातली, तो पर्समध्ये ठेवला आणि त्या निघून गेल्या. बुधवारी त्या कुठे जातात, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने तुमच्याकडे काय मागावे? मला घासू नका, माझे झाडही काढू नका. मात्र तुमच्या घरात, शाळेत, मंडळात काही ठरवायची वेळ आली आणि कुणी म्हणाले, "हात वर करा," तर मोजायला लागण्याआधी तुमच्यापैकी एकाने उठा, अध्यक्ष रागावले तरी उठा, आणि स्वयंपाकघराचे दार उघडून आत हाक मारा.