बारा मिलिमीटर

पंपाच्या तपासणी-कार्डावर आपली सही बघून ती थबकली. ती सही तिने केलेलीच नव्हती.

काल ती रजेवर होती, मुलगी तापाने फणफणली होती म्हणून. कारखान्यात तिला सगळे काटेवाली म्हणत. पंपाला पाइप जोडताना फिटर बोल्ट आवळायचे, तेव्हा ती पंपाच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, मापाचा डायल लावून काट्याकडे बघत बसायची. काटा सरकला की पाइप पंपाला ओढतोय, लगेच काम थांबवायचं. काल ते बघायला कुणीच नव्हतं. आणि कार्डावरचं ते वळणदार अक्षर ती घरी किराणाच्या यादीवर नेहमी बघायची. तिच्या सासऱ्यांचं.

सासरे तिथले सगळ्यांत जुने फिटर. तिला या कामात आणलं तेही त्यांनीच.

"साहेब, हा पंप चालू कधी करणार?" तिने सुपरवायझरला विचारलं.

"झाला की आत्ताच. तुझे सासरे उभे आहेत तिथं. तू कशाला घाबरतेस?"

ती तशीच पळत सुटली. त्या पंपातून गरम कॉस्टिक जायचं. अंगावर उडालं तर कातडी सोलवटून काढणारं, डोळ्यांत गेलं तर डोळेच नेणारं. शेडच्या दारातच तिला आवाज ऐकू आला. चांगला पंप एका सुरात गुणगुणतो. हा करकरा दात खात होता.

सासरे पंपावर वाकले होते. चष्मा कपाळावर, तळहात बेअरिंगवर.

"बाबा, मागे व्हा!"

"अगं, जरा तापलाय. नवा आहे, बसेल जागेवर."

"पाइप ओढून बसवलात ना? किती ओढलात?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

"बाबा, किती?"

"बारा मिलिमीटर," ते पुटपुटले. "बोटाने चाचपलं होतं. साखळीने ओढला. भोकं जुळेनात."

शाफ्टच्या सीलमधून एक थेंब खाली पडला. मग दुसरा. मग बारीक धार लागली. बंद करायचं लाल बटण पंपापलीकडच्या खांबावर होतं, आणि सरळ जायचं म्हणजे त्या धारेजवळून. तिचे पाय जमिनीला खिळले. "मागे व्हा, मागे व्हा," एवढंच ती ओरडत राहिली. मग कशी कोण जाणे, टाकीला मागून वळसा घालून ती खांबाशी पोचली आणि मुठीने बटण दाबलं.

मोटर थांबता थांबता सील फुटलं. पांढरट फवारा समोरच्या भिंतीवर आदळला. सासरे जिथं वाकले होते, नेमका तिथूनच तो गेला. वाफेत तिला काही दिसेना.

"बाबा!"

ती खांबाला धरून पुन्हा ओरडली.

"बाबा, बोला ना हो!"

"आहे गं." आवाज दाराकडून आला. ते तिथल्या अंग धुवायच्या शॉवरखाली कपड्यांसकट उभे होते, डावा हात पाण्यात धरून. कोपराखाली लालभडक चट्टा उठला होता. डोळे शाबूत होते. तिला एकदम रडू फुटलं.

दुपारी व्हॉल्व बंद करून, पाइप रिकामा करून धुतला. स्विचला कुलूप घालून किल्ली तिने स्वतःच्या खिशात ठेवली. ओढून बसवलेला पाइप सुटताना उसळतो, म्हणून आधी तो वरून पट्ट्याने बांधला. बाजूला उभं राहून, फटीपासून बोटं लांब ठेवून ती एकेक बोल्ट थोडाथोडा सैल करत गेली. दर अर्ध्या आट्याला पाइप कण्हत होता. शेवटचे दोन बोल्ट राहिले आणि तो धाडकन मागे सरकला. तिच्या हातातला पाना खणकन खाली पडला. तो उचलून तिने उरलेले दोन बोल्टही काढले.

सासऱ्यांनी सुपरवायझरला आपणहून सांगितलं, "तिच्या नावाची सही मी केली. पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं." त्याच दिवशी त्यांना फिटिंगवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं.

घरी तीन दिवस तिने त्यांच्याशी अबोला धरला. चौथ्या संध्याकाळी हाताची पट्टी बदलताना मात्र तिला राहवेना.

"तुम्ही मला शिकवलंत, की पाइप आपल्या पायांनी पंपाशी आला पाहिजे, ओढून आणायचा नाही. मग तुम्हीच असं कसं केलंत?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"टेपवरचे आकडे दिसत नाहीत मला. वर्ष झालं. माप चुकलं, पाइप आखूड कापला गेला. पुन्हा कापायचा म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तो म्हणेल, काम सोडा."

तिने पट्टीची गाठ मारली. "उद्या सकाळी तयार राहा," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

"तुझी रजा?"

"काढलीये."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला आत नेताना त्यांनी तिचा हात असा घट्ट धरला, की नर्सला तो सोडवावा लागला.