मधला वेग

झाकण बसवून त्याने बटण दाबलं आणि तळहात यंत्राच्या अंगावर टेकवला. आतला भोकाभोकांचा ड्रम आधी सावकाश फिरला, ओल्या चादरी कडेला चिकटत गेल्या, मग वेग वाढू लागला. मध्येच यंत्र थरथरलं. पायाखालची फरशीही थरथरली.

“आलं अंगात,” पलीकडच्या जुन्या यंत्रात ओल्या चादरी रचत ती म्हणाली.

त्याने यंत्र बंद केलं.

“बघतो पुढच्या खेपेला.”

“बघा. आम्ही कुठे जातोय!”

लाँड्रीत इस्पितळांच्या चादरी यायच्या, ढिगांनी. त्यांतलं पाणी गरगर फिरवून काढणाऱ्या यंत्राला तिथे सगळे हायड्रो म्हणत. जुन्या हायड्रोत ओले कपडे हाताने सारखे रचावे लागत. एका अंगाला जड झाले की ते धूड जागचं हलायचं. ते रचणं तिच्याइतकं कुणाला साधत नसे. त्याने घडवलेल्या नव्या हायड्रोत सुरुवातीच्या संथ फिरण्यातच कपडे आपसूक पसरत. उरली होती ती फक्त मधल्या वेगाची थरथर.

आणि त्या थरथरीवरचा उपाय त्याला कधीच सापडला होता. त्या वेगापाशी रेंगाळायचंच नाही. मोटरने तेवढा टप्पा झपकन ओलांडायचा. सेटिंग बदलायचं, बस. तो बदलत नव्हता.

पन्नाशी उलटलेला, एकटा माणूस. कारखान्यातून घरी आणि घरातून कारखान्यात. लाँड्रीत चाचणीला यायच्या दिवशी मात्र तो इस्त्रीचा शर्ट घाली, आणि वाफेच्या त्या शेडमध्ये पाच मिनिटांत त्याचं पोतेरं होई. सगळे तिला ताई म्हणत. त्याला ते जमेना. तो ‘अहो’ म्हणून वेळ मारून नेई. तीही ‘साहेब’ न म्हणता ‘तुम्ही’वरच भागवी. चाचणी फसली की दोघं मागच्या दारापाशी चहा घेत. ती बोलायची, तो ऐकायचा. घरी गेल्यावर ते बोलणं आठवत भाजी चिरायचा.

आजही चहा झाला. तिने ओले हात पदराला पुसून फोन पुढे धरला.

“ही बघा, आमची नात. बसायला लागली.”

पडद्यावर एक गोबरं पोर भोपळ्यासारखं कलंडत होतं.

“भेटलात कधी?”

“कुठलं! लेक बोलावून बोलावून थकली. मालक म्हणतात, नवं मशीन एकदा चालू द्या, मग खुशाल जा. जुन्याला हात लावायला दुसरं कोण आहे?” ती फोनकडे बघतच हसली. “मांडीवर घ्यायच्या आत चालायला लागेल कार्टी.”

त्याचा कप ओठांपर्यंत गेला नाही. त्याने तो तसाच कठड्यावर ठेवला आणि आत गेला. पॅनेल उघडलं. स्क्रू दोनदा निसटला.

पुन्हा बटण दाबलं. ड्रम आधी सावकाश फिरला, आणि एकदम उसळी घेतल्यासारखा सूं करत वर गेला. यंत्र जागचं हललं नाही. खालच्या नळीतून पाण्याची धार जोरात सुटली, बारीक झाली, थेंबांवर आली.

तिने झाकण उघडून चादर गालाला लावली.

“कोरडी म्हणावी इतकी आहे.”

“मालकांना सांगा. या महिनाअखेरीला निघता येईल तुम्हाला.”

तो अवजारं पिशवीत टाकू लागला. पान्यावर पक्कड आपटत होती.

“हे आजच सुचलं तुम्हाला?” तिने मागून विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण शब्द आला तो दुसराच.

“नाही.”

“वाटलंच मला.”

त्याने मान वर केली नाही. कानांच्या पाळ्या तापल्या.

“कधीपासून वाटत होतं?”

“थरथर सुरू व्हायच्या आधीच तुमचा हात बटणाकडे जायला लागला, तेव्हापासून.”

“मग बोलला का नाहीत? नात... इतके दिवस...”

तिने ड्रममधून एक चादर ओढून काढली. पिळाची गाठ सोडवली आणि दुसरं टोक त्याच्याकडे केलं.

“धरा.”

त्याने धरलं. इस्त्रीच्या रोलरवर घालण्याआधी चादर दोघांनी मिळून झटकावी लागते. त्यांनी ती झटकली, ताणली, पुन्हा झटकली. दमट कापडाचा फटकारा शेडभर घुमला.

“बोलले असते,” चादरीच्या पलीकडून ती म्हणाली, “तर त्याच दिवशी संपलं असतं की हो सगळं.”

चादर रोलरच्या तोंडाशी लावून दोघांनी टोकं सोडली. ती हळूहळू आत गेली. वाफ उठली, आणि क्षणभर त्याला तिचा चेहरा दिसेना.

वाफ विरली तेव्हा तिने पुढची चादर उचललेली होती. त्याने खांद्याची पिशवी काढून खाली ठेवली आणि आपल्या बाजूची टोकं हातात घेतली.