दक्षिणेची भिंत

काचघर दक्षिणेच्या भिंतीलाच टेकवायचं, हे मी दुकानात शिरण्याआधीच ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. दुकानदाराला बोलायची भारी हौस. चारी बाजूंनी सुटं उभं राहणारं घ्या म्हणाला, हवा खेळती राहते. मी म्हटलं, ‘‘अंगणात तेवढी जागा असती, तर भिंतीला टेकणारं मागायला मला वेड लागलंय का?’’ मग त्यानं पॉलिकार्बोनेट दाखवलं. वजनाला हलकं, फुटायची भीती नाही, पण आरपार बघितलं तर सगळं धुरकट. मला धुरकट नको होतं. भिंतीच्या आत ताईची खोली होती, पलंगाला लागून खिडकी होती, आणि त्या खिडकीतून तिला पान न् पान दिसायला हवं होतं. मी काच घेतली.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. माझ्या वेण्या, माझा अभ्यास, माझी दुखणी, सगळं तिनंच केलं. तिनं लग्न केलं नाही याचं कारण मी, हे नातेवाइकांनी मला हजारदा ऐकवलं, तिनं एकदाही नाही. आता ती त्र्याहत्तर वर्षांची होती आणि हृदय थकल्यामुळे चार महिने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की हिवाळा काही निघायचा नाही. मी डॉक्टरांशी भांडले आणि घरी येऊन काचघरांची चौकशी सुरू केली. बाग हा तिचा जीव. तिला बागेत नेता येत नव्हतं, तर बाग तिच्या खिडकीशी आणायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मिस्त्री पन्नाशीचा, कामापुरतं बोलणारा माणूस होता. त्यानं ओळंबा सोडून भिंत तपासली, भोकं पाडली, अॅल्युमिनियमची चौकट बसवली, काचांना रबराच्या पट्ट्या लावल्या, भिंतीकडची फट सिलिकॉननं बुजवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामान आवरताना त्यानं सहज भिंतीला तळहात लावला, आणि तो तसाच उभा राहिला.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘दिवसभर ऊन खाल्लेली भिंत आहे, बाई. आत्ता ती गरम लागायला हवी. अशी भिंत रात्रभर ऊब देत राहते, म्हणून तर काचघर भिंतीला टेकवायचं. तुम्ही हात लावून बघा.’’

मी लावला. भिंत माठासारखी गार होती.

‘‘ही नुसती घेतेय,’’ तो म्हणाला. ‘‘माझं ऐकाल तर पूर्वेला हलवू. वर एक पैसा घेणार नाही.’’

पूर्वेला स्वयंपाकघर. तिथली रोपं कुणी बघायची, गॅसच्या शेगडीनं? मी त्याला वाटेला लावलं.

टोमॅटोची आणि घेवड्याची रोपं आणली. आठ दिवसांत ती सगळी वाकली. रोप उजेडाकडे वाकतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. ही उजेडाकडे पाठ करून भिंतीकडे वाकली होती. मी ट्रे फिरवून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शेंडे पुन्हा भिंतीकडे, आणि पहिल्या रांगेतली पानं तर विटांना चिकटलेली. ओढली तेव्हा ती फाटली नाहीत, त्यांचा भुगा झाला. पाणी होतं, खत होतं, कीड नव्हती. त्यांच्यातलं सगळं कुणीतरी काढून घेतलं होतं.

मी तो भुगा हातात घेऊन उभी होते, आणि खिडकीतून ताईचा आवाज आला. ‘‘धाकटे, चहा टाकतेस का? आणि जरा घट्ट कर, तुझा तो पाणचट नको.’’

चार महिन्यांत तिनं स्वतःहून काही मागितलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

मी काही दूधखुळी नाही. दुसरी रांग वाळली तेव्हा ताई उशीशिवाय बसली. तिसरी वाळली तेव्हा न्हाणीघरापर्यंत चालत गेली. माझ्या लक्षात आलं आणि मी कुणाला अवाक्षर बोलले नाही. रोपवाटिकेत माझ्या खेपा सुरू झाल्या. माळी म्हणाला, ‘‘एवढी रोपं लावता तरी कुठे?’’ मी म्हटलं, ‘‘तुला विकायची आहेत की चौकशा करायच्या आहेत?’’ डॉक्टर ताईला तपासून गेले आणि जाताना माझ्याकडे न बघताच म्हणाले, की असं कधीकधी होतं.

पण रोपं पुरेनात. एक ट्रे दोन दिवस टिकायचा, मग एकच दिवस. एक दिवस नवे ट्रे मिळालेच नाहीत, आणि दुपारपर्यंत ताई पुन्हा आडवी झाली. ओठ निळसर. मी काचघरात स्टुलावर बसले, भिंतीला पाठ टेकली आणि रडले. रडता रडता डोळा लागला.

जाग आली तेव्हा पाठ बधिर झाली होती. उठायला गेले तर गुडघ्यांत जोर नाही. आणि खिडकीच्या आत ताई पलंगावर उभी राहून पडदे काढत होती, गुणगुणत होती. ‘‘किती मळलेत गं हे,’’ ती म्हणाली.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला फक्त आनंद झाला. तिनं मला सगळं आयुष्य दिलं होतं आणि मला तिला देण्यासारखं कधी काही सापडलं नव्हतं. त्या दिवसापासून मी रोपं आणायची बंद केली. सकाळी दहा ते चार मी स्टुलावर बसायची, पाठ भिंतीला टेकून. भिंत पाठीला अशी धरून ठेवायची, की उठताना सोडवून घ्यावं लागायचं. माझी भूक गेली. केस गळायला लागले. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं, म्हणून मी ते काढून ठेवलं. ताई मात्र अंगणात जाऊन केर काढत होती.

अशीच एक दिवस बसले असताना खिडकी उघडली आणि तिनं माझा दंड धरला. तिचा हात भाजेल इतका गरम होता. अंगठा आणि बोट माझ्या दंडाभोवती सहज जुळलं. तिनं वाळक्या ट्रेंकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘किती दिवस चाललंय हे?’’

‘‘काय?’’

‘‘खोटं बोलू नकोस. लहानपणीही तुला जमायचं नाही.’’

मी दंड सोडवून घेतला. तिनं खिडकी लावून घेतली. मला वाटलं, रागावली, उद्या विसरेल. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दारात मिस्त्री उभा होता. ताईनंच त्याला फोन केला होता.

मी काचघराच्या दारात आडवी उभी राहिले. ‘‘मी घेतलंय ते. कुणी हात लावायचा नाही. ताई, अगं तू चालतेयस. तू मरशील गं.’’

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘मी मरेन. माझं झालंय सगळं. तुला मी भिंतीला खाऊ घालायला वाढवलं नाही.’’ तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि बाजूला ठेवलं. चार वर्षांची असल्यासारखं. मग मिस्त्रीला म्हणाली, ‘‘उतरवा.’’

पाच वाजेपर्यंत भिंत मोकळी झाली. मिस्त्रीनं तिला तळहात लावून बघितलं, मान डोलावली आणि चौकट गाडीत टाकून निघून गेला. ताईनं स्वयंपाक केला. पोळ्या लाटताना तिला दोनदा बसावं लागलं. मी मदतीला गेले तर ओरडली. ताट वाढून ते घेऊन ती पलंगावर गेली, आडवी झाली आणि मला जवळ बसवलं.

‘‘जेव,’’ ती म्हणाली.

मला एक घास जाणार नाही असं वाटत होतं. पण पहिला घास तोंडात गेला आणि पोटात आगच पेटली. मला भूक लागली होती, लाज वाटावी इतकी भूक. मी रडत होते आणि हावरटासारखी खात होते. ताईचा हात माझ्या पाठीवर होता. दर घासागणिक तो गार होत चालला होता, हे मला कळत होतं, आणि मी थांबले की ती डोळे न उघडता म्हणत होती, ‘‘अजून घे.’’

मी घेतलं.