मागच्या चाकांचे वजन

दत्तप्रसाद लिमयांनी एका पत्राला उत्तर दिले नव्हते. ते पत्र माझ्या शेजारच्या केबिनमध्ये, टेबलाच्या खणात, शाईच्या पॅडखाली पडून होते. ते तिथे आहे हे त्यांना माहीत होते, मला माहीत होते, आणि पत्र लिहिणाऱ्यालाही तसा संशय आलेला असावा.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. किराणा दुकानात टांगलेला नव्हे. ज्याच्यावर अख्खी मालमोटार उभी राहते, तो. लोक मला काटा म्हणतात. खरे तर माझ्यात काटा उरलेला नाही. पूर्वी केबिनमध्ये पितळी दांडी होती, तिच्यावर वजन सरकवत नेऊन माप घ्यावे लागे. आता केबिनच्या खिडकीत तांबडे आकडे उमटतात. दांडी गेली, नाव राहिले.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात झाला, असे म्हणतात. मला खात्रीने सांगता येणार नाही. आपल्या जन्माची साक्ष आपल्याला कुठे देता येते? भवानी पेठेत, लाकडाच्या वखारींच्या मागे, ट्रान्सपोर्टच्या एका आवारात माझ्यासाठी खड्डा खणला होता. त्यात तुळया बसल्या, वर लोखंडी पत्रे आले, आणि पहिली गाडी माझ्यावर चढली तेव्हा आवाराच्या मालकांनी, म्हणजे रावसाहेबांनी, नारळ फोडला. नारळाचे पाणी माझ्या फटीत गेले. त्या पाण्याने गंज धरेल, अशी चिंता मला कितीतरी दिवस वाटत होती. स्वभावच तसा आहे माझा.

कामाचे दिवस चांगले होते, पण प्रेमाचे नव्हते. काट्यावर कोणी प्रेम करत नाही. माल विकणारा म्हणतो काटा कमी दाखवतो, घेणारा म्हणतो जास्त दाखवतो. ड्रायव्हर म्हणतो मालकाने काटा फिरवला, मालक म्हणतो ड्रायव्हरने काटा फोडला. आणि खरे सांगायचे तर माझाही कोणावर भरवसा नव्हता. भरलेल्या गाडीचे वजन देताना केबिनमध्ये चार माणसे बसलेली असत, आणि माल उतरवून तीच गाडी परत आली की एकटा ड्रायव्हर. उरलेल्या तिघांचे वजन मालात जाई. कोणी मागचे एक चाक अलगद माझ्या काठाबाहेर ठेवून उभा राही आणि आभाळाकडे बघे. वर्षातून एकदा वजनमापाचे निरीक्षक येत, प्रमाणित वजने माझ्यावर रचून बघत, सील लावून जात. मग खंडेनवमीला मला झेंडूची माळ मिळे. तेवढा एक दिवस माझ्याकडे संशयाने न बघण्याचा.

दत्तप्रसाद माझे काम बघायला आले ते नोकरीतून निवृत्त झाल्यावर. राहायला नारायण पेठेत. रोज स्कूटरवर यायचे, थर्मास टेबलावर ठेवायचे आणि पहिल्याच गाडीला म्हणायचे, "खाली उतरा. सगळे. तो सीटमागचा पण." त्यांच्या संशयाला कंटाळून ड्रायव्हर चिडत, पण पावती मात्र त्यांच्याच हातची मागत. पुण्यात असेच असते. ज्याला नावे ठेवतात, त्याच्याकडेच जातात.

मग नियम बदलले. आमच्या आवारातल्या काही गाड्या उत्तरेची सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात माल नेत. पूर्वी इकडचा नियम वेगळा, तिकडचा वेगळा. इकडे चालणारी गाडी तिकडे जड ठरे, लांब ठरे, नाहीतर उंच ठरे. सरहद्दीवर माल उतरवायचा, लहान गाड्यांत भरायचा, आठवडा जायचा. शेवटी दोन्हीकडचे अधिकारी एकत्र बसले. गाडी किती लांब, किती उंच आणि एकेका एक्सलवर, म्हणजे चाकांच्या एकेका जोडीच्या आसावर, किती भार, हे दोन्हीकडे सारखेच ठरले. इकडच्या काट्याची पावती तिकडे चालणार, असेही ठरले. रावसाहेबांनी पेढे वाटले. दत्तप्रसादांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "इतक्या लवकर एकमत झालं म्हणजे कोणीतरी नीट वाचलेलं नाही."

आता एकूण वजन पुरेना. पुढचे वेगळे, मागचे वेगळे द्यावे लागे. माझ्या पलीकडच्या टोकाला वखारीची भिंत आहे, त्यामुळे गाडी फाटकातून तोंडाने आत येते आणि उलटी बाहेर जाते. दत्तप्रसादांनी पद्धत बसवली. गाडी आत येताना पुढची चाके माझ्यावर आली की थांबवायची आणि पुढचे वजन टिपायचे. मग पूर्ण आत घ्यायची आणि एकूण टिपायचे. एकूणातून पुढचे वजा केले की मागचे. सोपी गोष्ट. शाळेतल्या मुलालाही जमेल अशी वजाबाकी. तिच्यावर मात्र कोणी संशय घेतला नाही.

रामदास नावाचे एक ड्रायव्हर आमच्याकडे येत. दापोडीला राहणारे, बोलायला कमी. ते स्वतःहून क्लीनरला खाली उतरवत आणि आकडे वाचून हातावर लिहून घेत. दत्तप्रसादांना त्यांचा विशेष संशय. "इतका सरळ माणूस असतो कुठे?" असे ते थर्मासकडे बघून म्हणत.

या रामदासांनी पाण्याच्या पंपांचे खोके भरून गाडी नेली. सरहद्दीपलीकडे तपासणीसाठी पुन्हा काट्यावर घेतली, तेव्हा एकूण वजन पुण्याच्या पावतीइतकेच भरले. पण पुढचे कमी आले आणि मागचे जास्त. मागचा एक्सल ओव्हरलोड. तिथले अधिकारी म्हणाले, पुढचा माल मागे गेला, म्हणजे वाटेत गाडी उघडली. आणि उघडली ती कशासाठी? ताडपत्री सोडून एकेक खोका तपासला. काही निघाले नाही. काही निघाले नाही म्हणून संशय आणखी वाढला. वाटेत जे चढवले ते वाटेतच उतरवले असणार. रामदासांचा सरहद्द ओलांडण्याचा परवाना अडकवून ठेवला. परवाना देणाऱ्या कचेरीत सुनावणी लागली. तिथे नाव काळ्या यादीत गेले की पुन्हा तो रस्ता नाही, आणि चोरटा माल नेणारा हा शिक्का जन्माचा.

रामदासांनी फोन केले. दत्तप्रसादांनी उचलले नाहीत. मग ते पत्र आले. त्यात भांडण नव्हते. 'काका, त्या दिवशी मागच्या एक्सलचं वजन तुम्ही कसं घेतलं, एवढं सहीनिशी लिहून पोस्टाने थेट कचेरीला पाठवा. हातोहात आणलेला कागद कचेरी धरत नाही. घरीच लिहिला म्हणतात.'

दत्तप्रसादांनी ते रावसाहेबांना दाखवले.

"लेखी मागतोय," रावसाहेब म्हणाले. "म्हणजे उद्या तुम्हाला उभं करणार आणि परवा मला. पावत्या देण्याची परवानगी जाईल. गप्प बसा."

"मी गप्पच आहे."

"मग असेच राहा."

पत्र खणात गेले. आणि मित्रांनो, मलाही वाटले की बरे झाले. रामदासांवर माझाही संशय होता. रात्री मात्र स्वतःवर येई. निरीक्षकांनी सील लावलेले आहे खरे, पण सील लावलेला म्हणजे खरा, हे तरी कोणी सांगावे?

सुनावणी चार दिवसांवर आली असताना एक बाई फाटकातून आत आल्या. माझ्यावरून चालत आल्या. माणसाचे पाऊल मला मुंगीसारखे कळते.

"काका, मी जया. रामदास यांची मिसेस."

"बरं."

"पत्र मिळालं ना तुम्हाला?"

"पत्रं बरीच येतात."

"काट्यावर?"

दत्तप्रसादांनी थर्मासचे झाकण उघडले आणि परत लावले. जयाबाई दवाखान्यात परिचारिका होत्या. औषध घेतले असे खोटे सांगणारी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिलेली असणार. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"हे बघा ताई," दत्तप्रसाद म्हणाले, "एकूण वजन तिथेही जुळलं. म्हणजे माझा काटा बरोबर. पुढचं कमी, मागचं जास्त, म्हणजे माल सरकला. पंपांना पाय नसतात."

"म्हणजे यांनी सरकवला."

"मी तसं म्हटलं नाही."

"लिहिलंही नाहीत. मी तुम्हाला काटा चुकला असं लिहा म्हणतच नाही. कसं मोजलं ते लिहा. बरोबर मोजलं असेल तर भ्यायचं काय?"

"भ्यायचा प्रश्न नाही."

"मग खणाकडे कशाला बघताय?"

त्या गेल्या. दत्तप्रसादांनी खण उघडून बंद केला. मग वही न उघडता, पेन न काढता नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला ते बघणे आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर नावाचे ड्रायव्हर फरशा भरलेली गाडी घेऊन आले. नेहमीप्रमाणे पुढचे वजन झाले, एकूण झाले, मागचे वजाबाकीने निघाले. पावती घ्यायला ते खिडकीशी आले, तर दत्तप्रसाद म्हणाले, "आता गाडी बाहेर काढा, वळवा, आणि उलटी आत घ्या. फक्त मागची चाकं काट्यावर."

"उलटी? अहो, या गर्दीत? पेठ थांबेल सगळी."

"थांबू दे. तशीही कुठे धावतेय?"

तुम्हाला वाटेल, त्यांना रामदासांची दया आली. तसे नव्हते. त्यांना स्वतःची पद्धत बरोबर आहे हे पक्के करायचे होते, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवले तर तोंडावर मारता आले असते. संशयी माणूस आधी स्वतःची बाजू लिंपून घेतो.

रस्ता अडला. हॉर्न वाजले. एका टेम्पोवाल्याने उत्तरेश्वरांना विचारले की मुहूर्त बघून वळवताय काय. शेवटी मागची चाके माझ्यावर आली आणि तांबडे आकडे उमटले.

आकडा वजाबाकीच्या आकड्याशी जुळला नाही. मागचे वजन त्याहून सहाशे किलो जास्त होते. मघाचे पुढचे आणि आताचे मागचे मिळवले, तर बेरीज अख्ख्या गाडीपेक्षा जास्त होत होती. दोन अर्ध्या भाकरी मिळून एका भाकरीपेक्षा मोठ्या.

"तुम्ही मध्ये काही चढवलंत?" दत्तप्रसादांनी विचारले.

"काय चढवणार? त्या टेम्पोवाल्याला?"

"ब्रेक दाबून ठेवलाय का?"

"सोडलाय. बघा हवं तर."

दत्तप्रसादांनी ब्रेक बघितला. केबिन बघितली. सीटमागे बघितले. मग माझे काठ हाताने चाचपले, फटीत काठी घालून खडा अडकलाय का ते बघितले. माझ्यावर संशय घेण्याची त्यांची ती पहिलीच वेळ, आणि मी, काय सांगू, थरथरलो. पण खडा नव्हता. गाडी पूर्ण आत घेतली, तर एकूण पुन्हा तंतोतंत.

सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. हातातला थर्मास त्यांनी खाली आडवा ठेवला, रुमालाने घाम पुसायला. थर्मास गडगडत आला आणि माझ्या पत्र्यावर येऊन थांबला.

ते वाकून बघत राहिले. शेजारचा रस्ता डांबराच्या थरांनी दरवर्षी थोडा वर चढला होता आणि आवार खाली राहिले होते. पाणी आत येऊ नये म्हणून रावसाहेबांनी फाटकात काँक्रीटचा उंचवटा घातला होता. रोज त्याच्यावरून चाके जात, पण तो कोणाच्या ध्यानात नव्हता. पुढची चाके माझ्यावर आली की मागची त्या उंचवट्यावर असत. गाडीची पाठ वर, तोंड खाली. मागचा भार घरंगळून पुढच्या चाकांवर येई, तेवढे पुढचे जास्त भरे आणि वजाबाकीत मागचे कमी निघे. उलट्या गाडीचे उलटे: तोंड वर, पाठ खाली, म्हणून मागचे जास्त. गाडी पूर्ण माझ्यावर आली की एकूण खरे. मी खोटे बोललो नव्हतो, रामदासांनी माल हलवला नव्हता, तिकडच्या काट्यानेही लबाडी केली नव्हती. दोन देशांनी नियम सारखे केले होते. जमीन सारखी आहे का, हे विचारायचे राहून गेले होते.

रावसाहेबांना बोलावले. ते उंचवट्यावर उभे राहून ऐकत होते.

"हे लिहिलंत तर नियम बदलल्यापासूनच्या सगळ्या पावत्या संशयात येतील," ते म्हणाले. "काटा बंद राहील. आणि तुम्हाला कोण ठेवणार?"

"कोणी नाही," दत्तप्रसाद म्हणाले. "पण त्या माणसाला चोर ठरवलाय, रावसाहेब, आणि त्याच्या पावतीवर सही माझी आहे."

रावसाहेबांनी पायाने उंचवटा चाचपला. मग म्हणाले, "लिहा. फक्त उंचवटा कोणी घातला ते लिहू नका."

"मग काय लिहू, उगवला?"

रावसाहेबांना हसू आले आणि ते त्यांनी लपवले. "लिहा काय लिहायचं ते. फाटकातला उंचवटा फोडायला गवंडी मीच सांगतो."

मित्रांनो, मी आता थोडे दिवस बंद राहणार आहे. फाटकातली जमीन माझ्या पातळीला येईल, निरीक्षक पुन्हा येतील, आणि सील लागले तर लागेल. नाही लागले तर मला भंगारात जावे लागेल. तीही एक शक्यता आहे. मी उपदेश करणारा कोण? पण एवढे सांगावेसे वाटते. यंत्राला तेल घालता, पुसता, माळ घालता, तसे त्याच्या भोवतीच्या जमिनीकडेही बघत जा. आणि माणसावर संशय घ्यायचाच असेल, तर तो जिथे उभा आहे ती जागाही एकदा तपासा.

दत्तप्रसादांनी उत्तर लिहिले. तीनदा खोडले, चौथ्यांदा सही केली. जयाबाईंना फोन करून बोलावले आणि पाकीट त्यांच्यासमोर चिकटवले.

"द्या, मी टाकते पोस्टात," त्या म्हणाल्या.

"नको. वाटेत उघडलंत म्हणजे?"

"अजून संशय आहेच का?"

"सवय आहे. एका दिवसात जात नाही."

"मग मी पण बरोबर येते," जयाबाई म्हणाल्या. "तुम्ही परत खणात टाकलंत म्हणजे?"

"या. छत्री असेल तर घ्या, ऊन आहे."

दोघे माझ्यावरून चालत फाटकाबाहेर गेले. माणसांची पावले मला कळतात, पाकिटाचे वजन कळत नाही. परत आल्यावर दत्तप्रसादांनी स्पीड पोस्टाची पावती डोळ्यांजवळ धरून पत्ता तपासला, मग ती जयाबाईंपुढे केली. त्यांनीही एकेक अक्षर वाचले आणि मान हलवली. पत्र गेले होते.