मागे वळायचं नाही

वाल्डी सिगर्डसनने गाडीची किल्ली फिरवली. शेजारी लोर्ना मांडीवर उशी घेऊन बसली होती. सत्तेचाळीस वर्षांचा संसार झाला होता आणि आज पहिल्यांदाच त्याला बायकोची भीती वाटत होती. आज ती त्याला धीर देणार नव्हती. तसं ठरलंच होतं.

त्याच्या आजाराचं नाव लांबलचक होतं, पण प्रकार साधा. गाडीला जरा हादरा बसला की वाल्डीला वाटायचं, आपण कुणाला तरी चिरडलं. मग गाडी वळवायची, चाकं न्याहाळायची, रस्त्याकडेच्या चरात उतरून शोधायचं. तिथून निघालं, की नीट पाहिलं नाही म्हणून पुन्हा मागे. तीन वर्षांत त्याच्या गाडीचा कुणाला ओरखडाही लागला नव्हता. पोलीस चौकीतली बाई मात्र फोनवर त्याचा आवाज ओळखू लागली होती. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळलेला हा माणूस, आणि स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा काडीचा भरवसा उरला नव्हता.

लोर्नाचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, साठ किलोमीटरवरच्या गावात. गेल्या बुधवारी वाल्डी पाच वेळा मागे वळला. दोघं दोन तास उशिरा पोचली, तिचं रक्त अर्धंच शुद्ध झालं, आणि रात्रभर ती बसून श्वास घेत राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर तिला त्याच गावातल्या शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. तिथं जाणाऱ्यांपैकी घरी परत आलेलं वाल्डीला कुणी आठवत नव्हतं.

थेरपिस्ट रेने ही आठ आठवडे गाडीत त्याच्या शेजारी बसून हिंडली होती. पण तिने खरं बोट ठेवलं ते लोर्नावर.

"तो विचारतो, 'कुणाला लागलं का गं?' तुम्ही म्हणता, 'नाही रे.' त्याची भीती त्या 'नाही'वरच पोसली जाते."

"म्हणजे नवऱ्याला धीर देणं हा माझा गुन्हा?" लोर्ना उसळली होती.

"गुन्हा कसला, माया आहे ती. पण बंद करायची. विचारलं तर म्हणायचं, 'असेल, नसेल, मला ठाऊक नाही.' आणि वाल्डी, कुणी खरंच पडलेलं दिसलं तर जगातला कुठलाही माणूस थांबतो, तुम्हीही थांबा. नुसतं वाटलं म्हणून वळायचं नाही."

आज रेने सोबत नव्हती.

मार्च संपत आला होता. बर्फ वितळून रस्त्याला फुगवटे आले होते. पहिले वीस किलोमीटर बरे गेले. मग वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेने कुत्रा घेऊन चाललेला एक म्हातारा दिसला. अंगात नारिंगी जाकीट. वाल्डीने गाडी चांगली चार हात लांबून नेली. ते दोघं मागे पडले आणि मागचं चाक धाडकन आदळलं.

त्याने आरशात पाहिलं. वळणामुळे रस्ता दिसत नव्हता.

"लोर्ना. काय होतं ते?"

ती समोर बघत राहिली.

"तो म्हातारा तुला नंतर दिसला? गाडी पुढे गेल्यावर दिसला का?"

"मी नाही पाहिलं."

"लोर्ना, एकदाच सांग. फक्त आज. उद्यापासून नाही विचारणार."

"हे तू गेल्या नाताळातही म्हणाला होतास, म्हाताऱ्या." तिने विनोद करायचा प्रयत्न केला, पण आवाज चिरकला. "असेल, नसेल. मला ठाऊक नाही."

ते शब्द ऐकून त्याला वाटलं, तिनेच आपल्याला चरात ढकलून दिलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी रखडत चालली. डोळ्यांसमोर नारिंगी जाकीट चिखलात पडलेलं दिसत होतं, कुत्रा भोवती फिरत होता. इथून वळलं तर दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं! आणि मग आणखी दोन. ते गणित त्याला पाठ होतं.

लोर्नाने उशी घट्ट धरली होती. बोटं सुजली होती, अंगठी कधीच काढून ठेवावी लागली होती. ती रडत होती आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. वाल्डीला तिचा भयंकर राग आला. मग कळलं, तीही आपल्याइतकीच घाबरली आहे.

त्याने ब्रेकवरून पाय काढला.

पुढचे चाळीस किलोमीटर त्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. समोरून एक रुग्णवाहिका दिवे लावून आली आणि ते जिथून आले होते त्या दिशेने गेली. शर्ट पाठीला चिकटला. गाडी तो सरळ हाकत राहिला.

लोर्नाला नऊला बोलावलं होतं, ते पावणेनऊला पोचले. परिचारिकेने तिच्या दंडात सुया टोचल्या, यंत्र सुरू झालं. वाल्डी शेजारच्या खुर्चीत बसला. रेने म्हणाली होती, भीती हळूहळू उतरेल. अजून तरी ती तसूभर उतरली नव्हती. खिडकीतून आवारात पोलिसांची गाडी शिरताना दिसली. दार उघडून एक पोलीस उतरला आणि इमारतीकडे येऊ लागला.

वाल्डीने खुर्चीचे हात पकडले. धावत जावं, विचारावं, कबूल करून टाकावं. काय कबूल करायचं तेही त्याला ठाऊक नव्हतं.

लोर्नाने त्याचा चेहरा पाहिला. तिचा निश्चय ढळला.

"वाल्डी," ती हळूच म्हणाली, "ऐक, मी मागे वळून पाहिलं होतं. तो म्हातारा..."

त्याने तिच्या ओठांवर हात ठेवला.

"नको सांगूस," तो म्हणाला.